शिंपी व्हायचा तो राहिला

मंडळी, आपल्या आंब्याला ‘मँजिफेरा इंडिका’ हे शास्त्रीय नाव १७५३ साली दिले ते स्वीडनच्या कार्ल लिनियसने, हे शिक्षकबंधूंना ठाऊक असेलच. पण आज गोष्ट सांगायची आहे ती योहान रोथमान या डॉक्टरांची.

रोथमान हे स्मोलांड प्रांताचे सरकारी डॉक्टर. वेक्‌श्यो गावी राहून प्रांतातल्या लोकांची दुखणीखुपणी पाहायची आणि तिथल्या विद्यालयात शिकवायचेही, असा त्यांचा दुहेरी व्याप. १७२६ साली एका खेड्यातले पाद्री मुलाची प्रगती विचारायला विद्यालयात आले. मुलाने पाद्रीच व्हावे, ही घरची आस. मास्तरांनी सांगितले, याला विद्या यायची नाही; शिंप्याकडे नाहीतर जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवा.

बिचारा बाप! स्वतःचे एक दुखणे दाखवायला तो रोथमानांकडे गेला आणि बोलता बोलता मनातलेही बोलून गेला. डॉक्टरांनी दोन्हींवर इलाज सांगितला. पोरगा झाडापाल्यात रमतो ना? मग तो उत्तम वैद्य होईल. त्यांनी त्याला घरी ठेवून घेतले आणि छदामही न घेता शरीरशास्त्र शिकवले. झाडे नुसती गोळा करून भागत नाही, फुलाची घडण पाहून त्यांची वर्गवारी करायची, ही दृष्टीही दिली. फुलांतही नर-मादी असतात, हे नवे मत त्याच्या कानावर घातले ते त्यांनीच. पुढे पुंकेसर-स्त्रीकेसर मोजूनच लिनियसने वनस्पतींची वर्गवारी केली.

१७२७ साली मुलगा लुंडच्या विद्यापीठात गेला. रोथमान १७६३ साली वारले. आंब्याचे ते नाव छापून निघाले, तेव्हा ते हयात होते.