तालीम : एक शब्द, एक सवय

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, वसवले गेले १४९४ साली. वसवणारा अहमद निजामशहा स्वतः नामांकित तलवारबाज होता. एकास एक अशा सामन्याचा त्याला भारी नाद. राजाचा नाद तो प्रजेचा नाद, या न्यायाने सारे शहर तलवारीच्या मागे लागले. इतिहासकार फेरिश्ता सांगतो की, इतर शहरांत मदरसे असावेत तशा या शहराच्या मोहल्ल्या-मोहल्ल्यांत तलवारबाजीच्या शाळा निघाल्या. बैठकीत दुसरा विषय निघेना. फेरिश्ताचे बालपण आणि तारुण्य याच शहरात गेले, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे.

पण पुढे काय झाले? जो तो आपणच श्रेष्ठ म्हणू लागला. वाद सुलतानापुढे येत, तिथेच तलवारी उपसल्या जात, आणि रोज माणसे मरू लागली. शेवटी आपल्यासमोर सामने नकोत, ते बाहेर काळ्या चबुतऱ्यावर करा, असे सुलतानाने फर्मावले. कुणी मध्ये पडायचे नाही, मेलेल्याचा सूड घ्यायचा नाही, असाही नियम केला. तरीही हे लोण दख्खनभर पसरले. विजापुरात क्षुल्लक कारणावरून पांढऱ्या दाढीची माणसे भर रस्त्यात एकमेकांना मारून मोकळी झालेली फेरिश्ताने स्वतः पाहिली. संरक्षणासाठी शिकलेली विद्या अशी घरे बुडवणारी ठरली.

याच्या उलट आपल्या गावोगावची तालीम. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण. आमच्या घरच्या उर्दूत तालीम म्हणजे शाळा-पुस्तक; दाराबाहेरच्या मराठीत तीच कुस्तीची जागा, आणि नाटकवाल्यांची तर रंगीत तालीमही असते. तिन्ही ठिकाणी अर्थ एकच उरतो : तीच गोष्ट पुन्हापुन्हा, रोज करणे. तालमीतली भाषाही पाहा. जोर, पहिलवान आणि उस्तादाचा झालेला वस्ताद हे शब्द फारसीतून आले, आणि कोनाड्यातल्या मारुतीसमोर सुखाने नांदले.

या तालमीने माणसाला नियमित कसे केले? नुसत्या उपदेशाने नव्हे. वेळ ठरलेली, पहाटेची. आल्याबरोबर खोऱ्याने हौद्यातली माती उकरायची. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेले असते; माती राखणे हे सगळ्यांचे काम. जोर-बैठका मोजायला जोडीदार असतो. एक दिवस दांडी मारली की दुसऱ्या दिवशी वस्ताद विचारणारच. शिवाय डोळ्यांसमोर जत्रेचा आखाडा. नव्या पोराला पहिल्याच दिवशी डाव मिळत नाही. आधी अंग तयार व्हावे लागते. त्या थांबण्यातच संयम मुरतो, जो काळ्या चबुतऱ्यावर नव्हता.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी हेच सूत्र वेगळ्या रीतीने वापरले. सूर्यनमस्कार ते स्वतः रोज घालत, मगच लोकांना सांगत, आणि आपल्या संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सुरू केले. त्याला ना हौदा लागे, ना साधन. हातभर जागा आणि ठरलेली वेळ पुरे.

आज आपल्या जिल्ह्यातही मुलींसाठी कराटेचे, स्वसंरक्षणाचे वर्ग निघतात. ही चांगलीच गोष्ट आहे. १५९५ साली मोगलांनी वेढा घातला तेव्हा चांदबिबीने ज्या नगरचा किल्ला लढवला, तिथल्या मुलींना हे कुणी नव्याने पटवून द्यायला नको. अडचण पुढची आहे. आठ दिवसांचे शिबिर होते, फोटो निघतो, आणि नंतर मैदान रिकामे. आठ दिवसांत शिकलेला डाव वेळेला हाताशी येत नाही, अंग विसरते. म्हणून पालकांनो, मुलीला वर्गात घालताना शेजारची एक मैत्रीण सोबत घाला. दिवस आणि वेळ परीक्षेच्या काळातही मोडू नका; तासाऐवजी पंधरा मिनिटे करू द्या, पण जाऊ द्या. आणि शिकवणाऱ्यांनो, जी मुलगी काल आली नाही तिची आज चौकशी करा. आपल्या वस्तादांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)