आमदारांनी प्रश्न विचारला, पण उत्तर लिहितं कोण? शाळा, घरकुल, दवाखान्याचा प्रश्न विधानसभेत कसा जातो?

भाटघर : अधिवेशन लागलं की गावागावात एकच विचारणा सुरू होते, आपल्या भागाचा प्रश्न आमदारांनी मांडला का? मांडला असेल तर व्हिडिओ मोबाईलवर फिरतो, पारावर दोन दिवस चर्चा होते आणि विषय मागं पडतो. त्या प्रश्नाला सरकारनं लेखी उत्तर काय दिलं, हे फारसं कुणी बघत नाही. गावाचं नफा-नुकसान मात्र त्या उत्तरावरच ठरतं.

भोर विधानसभा मतदारसंघात भोर, वेल्हे (आता राजगड) आणि मुळशी हे तीन तालुके येतात. २००९ पासून सलग तीन वेळा संग्राम थोपटे इथून आमदार होते, २०२४ मध्ये शंकर मांडेकर निवडून आले. आमदार कुणीही असो, प्रश्नाची वाट एकच आहे. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढं बराच काळ कारभार प्रशासकाकडं राहिला. सर्वसाधारण सभेत शाळेचा नाहीतर दवाखान्याचा विषय काढणारा सदस्यच नव्हता. त्या काळात तर गावकऱ्यांचा सगळा भार आमदारांच्या प्रश्नावरच आला.

प्रश्नांचे प्रकार

तारांकित प्रश्न : याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात. त्यावर आमदारांना उपप्रश्न विचारता येतो. पण प्रश्नोत्तराचा तास छोटा, त्यात मोजकेच प्रश्न चर्चेला येतात. बाकीच्यांची उत्तरं छापील यादीत मिळतात.

अतारांकित प्रश्न : फक्त लेखी उत्तर. त्यावर उपप्रश्न नाही. उत्तर यायला कधी कधी महिनोन् महिने जातात.

लक्षवेधी सूचना : तातडीच्या, सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर मंत्र्यांचं लक्ष वेधण्यासाठी. मंत्र्यांना निवेदन करावं लागतं.

औचित्याचा मुद्दा : आमदार थोडक्यात विषय मांडतात. मंत्र्यांनी तिथल्या तिथं उत्तर द्यावंच असं बंधन नसतं.

केंद्राच्या योजनेत धोरणच बदलायचं असेल, तर तो विषय खासदारांनी लोकसभेत काढावा लागतो. आपला भाग बारामती लोकसभा मतदारसंघात येतो.

उत्तर गावातूनच वर जातं

प्रश्नाची भाषा ठरलेली असते. अमुक शाळेत शिक्षक नाही, हे खरे आहे काय. असल्यास चौकशी केली काय. त्यानुसार कोणती कारवाई केली. नसल्यास विलंबाची कारणे काय?

प्रश्न स्वीकारला गेला की तो मंत्रालयात त्या खात्याकडं जातो. खातं जिल्हा परिषदेला नाहीतर जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारतं. तिथून तो तालुक्याला येतो. शाळेचा असेल तर गटशिक्षणाधिकारी, घरकुलाचा असेल तर गटविकास अधिकारी, दवाखान्याचा असेल तर तालुका आरोग्य अधिकारी. त्यांच्या दप्तरात जे असेल ते वर जातं आणि मंत्र्यांच्या नावानं छापून येतं.

इथंच ग्यानबाची मेख आहे. गावानं सहा महिने तोंडी तक्रार केली, साहेबांना फोन केले, पण लेखी अर्ज एकही नाही, तर दप्तरात काहीच सापडत नाही. मग उत्तर येतं, ‘हे खरे नाही’. आणि पुढच्या सगळ्या कलमांना एकच शब्द, ‘प्रश्न उद्भवत नाही’. अर्जाची पोच, ग्रामसभेचा ठराव, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त असेल तर निदान ‘हे अंशतः खरे आहे’ एवढं तरी लिहावं लागतं. त्या ‘अंशतः’ वरूनच पुढचा उपप्रश्न निघतो.

शाळा : पानशेतचं उदाहरण

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी समूह शाळांबाबत अधिकाऱ्यांना पत्र पाठवलं. २० पेक्षा कमी पटाच्या १४ हजार ७८३ शाळा राज्यात होत्या, त्यात १ लाख ८५ हजार ४६७ मुलं शिकत होती. या शाळा एकत्र आणण्यासाठी नमुना म्हणून दोन ठिकाणं दाखवली गेली, नंदुरबारचं तोरणमाळ आणि आपलं पानशेत. राज्यभर शिक्षक संघटना आणि विरोधी पक्षांनी विरोध केला. शाळा बंद करणार नाही, असं तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर सांगत होते.

वेल्हे आणि भोरच्या डोंगरातल्या वाड्यांसाठी हा विषय कागदापुरता नाही. धरणाच्या पाण्याच्या कडंनं विखुरलेल्या वस्तीत पट कमीच राहणार. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणं पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. तशी सोय नसेल तर वाहतुकीची व्यवस्था करावी लागते. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत, असं कायदा सांगतो.

म्हणून ‘शाळा बंद करू नका’ एवढंच म्हणून भागत नाही. वाडीपासून शाळा पायवाटेनं किती लांब, ओढा कोणता आडवा येतो, पावसाळ्यात किती दिवस वाट बंद राहते, गाडी वाडीपर्यंत येते का, हे लेखी दिलं तर आमदारांच्या प्रश्नाला धार येते.

घरकुल

प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. २०२५ मध्ये राज्यानं आपल्याकडून ५० हजारांची भर घातली. कातकरी समाजासाठी पीएम-जनमन योजनेतून २ लाख रुपये आहेत.

अडचण बहुतेक वेळा जागेची असते. घर पिढ्यानपिढ्या आहे पण जागा नावावर नाही, वनखात्याची आहे नाहीतर धरणासाठी संपादित झालेली आहे. भूमिहीनांना जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून १ लाखापर्यंत मदत मिळते. त्यामुळं ‘घरकुल मंजूर किती’ असं विचारून काही हाती लागत नाही. मंजूर होऊन जागेअभावी सुरूच न झालेली किती, पहिला हप्ता मिळून दुसरा अडकलेली किती, असं गावनिहाय विचारलं तर सरकारला आकडा द्यावा लागतो.

दवाखाना आणि पाणी

डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजारांना एक उपकेंद्र हा निकष आहे. इमारत असते, पण पद भरलेलं आहे का आणि डॉक्टर मुक्कामी असतात का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते वेगळेच विचारावे लागतात. पाण्याचंही तसंच. १९२८ पासून भाटघरचं धरण नीरा खोऱ्यातल्या खालच्या तालुक्यांची शेती भिजवतंय आणि कडंच्या वाड्या ‘धरण उशाला, कोरड घशाला’ म्हणतायत. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. नळ बसला, हे त्याचं उत्तर होत नाही.

सभागृहानंतरचं काम

भोरहून वरंध घाट उतरलं की महाड लागतं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने, धर्मशाळा अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचं मान्य केलं. तरी पाणी मिळालं नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जावं लागलं. सभागृहातला शब्द जमिनीवर उतरायला मागं माणसं लागतात, हे तेव्हाही खरं होतं.

आज त्यासाठी आश्वासन समिती आहे. मंत्र्यांनी सभागृहात ‘कारवाई करू’ असा शब्द दिला की त्याची नोंद होते आणि पूर्तता झाली का, हे ही समिती तपासते. म्हणून आमदारांचा व्हिडिओ जपण्यापेक्षा प्रश्नाचा क्रमांक, तारीख आणि छापील उत्तर जपावं. ते विधिमंडळाच्या संकेतस्थळावर आणि आमदारांच्या कार्यालयात मिळतं.

वेळापत्रकही ध्यानात ठेवावं. प्रश्न अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावे लागतात. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनासाठी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेचा ठराव, मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी त्याच्या आधीच, निदान २६ जानेवारीला, आणि पावसाळी अधिवेशनासाठी १ मेचा. ठरावाची एक प्रत पंचायत समितीला देऊन पोच घ्यावी, दुसरी आमदारांना द्यावी. मग तालुक्याच्या दप्तरात आणि आमदारांच्या हातात एकच कागद असतो, आणि ‘हे खरे नाही’ असं लिहिणं कुणालाही जड जातं.