२२ टक्के हा आकडा आला कुठून?

लांब पल्ल्याच्या धावपटूचं स्पर्धेतलं वजन किती असावं? कोचला आकडा हवा असतो, आणि १९७४ साली तसा एक मिळाला. रोझ फ्रिश आणि जॅनेट मॅकआर्थर यांनी ‘सायन्स’मध्ये मांडलं, की पाळी सुरू व्हायला शरीरात साधारण १७ टक्के फॅट लागतं आणि ती नियमित राहायला २२ टक्के. धावणाऱ्या मुलींची पाळी का थांबते? फॅट कमी झालं म्हणून. संपला प्रश्न!

पण ही टक्केवारी मोजलेली नव्हती, उंची आणि वजन सूत्रात घालून काढलेली होती. म्हणजे ‘फॅट’ या नावाने जे फिरत होतं ते मुळात उंची-वजनच. शोधनिबंधातला ‘पद्धती’ हा भाग आपण घाईत ओलांडतो ना, असल्या गोष्टी तिथेच असतात.

पाळी थांबणं किरकोळ नाही हे १९८४ मध्ये दिसलं. बार्बरा ड्रिंकवॉटर आणि सहकाऱ्यांनी पाळी बंद झालेल्या १४ आणि नियमित असलेल्या १४ खेळाडूंची हाडं तपासली. पहिल्या गटात कमरेच्या मणक्यांची घनता स्पष्टपणे कमी निघाली. अवघ्या २८ जणी, पण प्रश्न नेमका होता.

मग कारण कुठलं? कमी फॅट, सरावाचा ताण, की अपुरं खाणं? मैदानावर तिन्ही एकत्रच सापडतात, त्यामुळे नुसत्या निरीक्षणाने गुंता सुटणार नव्हता. ॲन लाउक्स यांनी तो प्रयोगशाळेत सोडवला. १९९८ च्या प्रयोगात व्यायाम करूनही पुरेसं खाणाऱ्या तरुणींमध्ये पाळीशी संबंधित एलएच हार्मोनची लय टिकली. खाणं तोडलं तेव्हाच ती बिघडली. २००३ मध्ये त्यांनी व्यायामाचा खर्च वजा जाता, फॅट सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे रोज ४५, ३०, २० आणि १० किलोकॅलरी अशा पातळ्या तपासल्या. ३० च्या खाली लय विस्कटली, तीही पाच दिवसांत. एवढ्यात फॅट कितीसं उतरणार?

वजनकाटा बाजूला पडला. सराव झाल्यावर शरीराला किती ऊर्जा उरते, हा प्रश्न पुढे आला. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी त्यावरच ‘रेड-एस’ ही संज्ञा मांडली आणि तिच्यात पुरुषही आले.

गंमत म्हणजे पुढे ३० चीच लक्ष्मणरेषा झाली. लाउक्स यांच्या २००३ च्या प्रयोगातल्या तरुणी मात्र खेळाडू नव्हत्याच, बैठ्या सवयीच्या होत्या.