कपाटाची पाठ

पीटर द होख या चित्रकाराचे १६६३ सालचे एक चित्र अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. आतल्या दालनात दोन स्त्रिया घड्या घातलेले धुतलेले कपडे कपाटात ठेवीत आहेत. पलीकडे दाराशी एक मूल हातात काठी घेऊन चेंडू खेळते आहे आणि उघड्या दारातून बाहेरचा उजेड फरशीवर सांडला आहे. या चित्रावर लिहिणारे बहुधा त्या उजेडावर लिहितात. आम्हांला मात्र चित्राचे नायकपद त्या कपाटाकडेच जाते असे वाटते. त्या घराचा सारा व्यवहार त्याच्याभोवती चालला आहे आणि दोन्ही स्त्रियांची पाठ रस्त्याकडे व तोंड त्याच्याकडे आहे.

'कपाट' हा आपला शब्द येथे थोडा अपुरा पडतो. 'अलमारी' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. डच मात्र 'कास्ट' म्हणतात, आणि सतराव्या शतकातील त्यांच्या घरात कास्ट ही केवळ वस्तू ठेवण्याची सोय नव्हती. त्यात मुख्यतः तागाचे कापड असे : चादरी, मेजावरचे रुमाल, उशांचे अभ्रे. मुलगी सासरी जाताना हे कापड बरोबर नेई. ते डझनांनी मोजले जाई, आणि किल्ली घरच्या स्त्रीच्या कमरेला असे. माणूस मेला किंवा दिवाळखोर झाला की नोटरी येऊन खोलीवार यादी करी. अशा असंख्य याद्या डच दप्तरखान्यांत शिल्लक आहेत. जॉन मायकल माँटियास या अर्थशास्त्रज्ञाने डेल्फ्टच्या चित्रकारांचा इतिहास बऱ्याच अंशी त्यांच्याच आधारे लिहिला (१९८२). साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या याद्या अवश्य चाळाव्यात, असे आमचे मत आहे. वास्तववादी कादंबरी जन्मण्यापूर्वी वस्तूंनी भरलेले घर शब्दांत मांडण्याचे काम या नोटरींनी केले होते.

आज असे जुने कपाट घरासाठी निवडणारा माणूस प्रथम त्याचा दर्शनी भाग पाहतो. ते स्वाभाविक आहे, कारण दर्शनी भाग त्यासाठीच घडवलेला असतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील 'कुसेनकास्ट', म्हणजे 'उशीचे कपाट', हा प्रकार पाहावा. दारांच्या मधल्या फळ्या उशीसारख्या फुगून पुढे आलेल्या, वर जाड कंगोऱ्यांचा माथा, खाली चेंडूसारखे गोल पाय. सारे काळेभोर, भारदस्त. पण हा काळेपणा वरवरचा असतो. आतला सांगाडा ओकचा असून त्यावर आबनुसाचे आणि शिसवी लाकडाचे पातळ पापुद्रे डकवलेले असतात. ओक नॉर्वे, बाल्टिक किनारा व ऱ्हाइनचे खोरे येथून येई आणि १५९४ मध्ये कॉर्नेलिस कॉर्नेलिसझून याने उभारलेल्या पवनकरवतीनंतर तो झपाट्याने चिरला जाऊ लागला. एवढे अवजड कपाट अरुंद जिन्यांच्या घरात न्यायचे कसे? तर ते सुटे होते. माथा, दारे, बाजू, तळ हे सारे पाचरांवर आणि खुंट्यांवर उभे असते.

म्हणूनच कपाट पारखायचे असेल तर ते सोडवून पाहावे, निदान भिंतीपासून ओढून त्याची पाठ पाहावी. पाठीच्या फळ्यांवर करवतीच्या सरळ, समांतर रेषा असतील तर ठीक. त्या वर्तुळाकार, कमानदार असतील तर ती फळी फिरत्या चक्राच्या करवतीने, म्हणजे एकोणिसाव्या शतकात किंवा त्यानंतर कापलेली आहे. जुना पापुद्रा हाताने चिरलेला, जाड आणि कमीजास्त असतो. यंत्राचा कागदासारखा एकसारखा. खणांचे सांधे अगदी एकसारखे असले तर शंका घ्यावी. पाय बहुधा बदललेले असतात, कारण ओल्या फरशीवर आधी तेच कुजतात. बदललेला पाय हा काही गुन्हा नव्हे. तो सांगितला नाही, तर मात्र आहे.

दर्शनी भागाने फसण्याची परंपरा जुनी आहे. यान फान मेकेरेन (१६५८–१७३३) या अ‍ॅम्स्टरडॅमच्या कारागिराने रंगीबेरंगी लाकडांचे तुकडे जडवून कपाटांच्या दारांवर फुलदाण्या उमलवल्या. ते काम थक्क करणारे आहे. पण पुढे एकोणिसाव्या शतकात फुलांची हौस पुन्हा आली, तेव्हा अठराव्या शतकातील साध्या, निर्दोष अक्रोडी कपाटांवर नव्याने फुले जडवून ती अधिक 'जुनी' करण्यात आली. खऱ्या कपाटावर खोटे वय! असल्या फुलांपेक्षा नंतरच्या काळातील प्रामाणिक ओकचे कपाट घरात आणावे, असे आम्ही म्हणू. अठराव्या शतकात अ‍ॅम्स्टरडॅमच्या सुतारसंघाने परदेशी सामानाच्या आयातीवर १७७१ मध्ये बंदी आणवली आणि स्थानिक कामावर संघाचा शिक्का उमटू लागला. तो शिक्का आढळला तर उत्तम; नसला म्हणून कपाट डच नाही, असे होत नाही.

आता आबनुसाकडे वळू. रेम्ब्रांने १६४० मध्ये हर्मन डोमर या आबनूस-कारागिराचे व्यक्तिचित्र काढले. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पांढरी कॉलर, शांत, किंचित थकलेला चेहरा. आबनूस ठिसूळ आणि दगडासारखे कठीण. त्याला वळवणाऱ्या माणसाचा चेहरा आपल्याला ठाऊक आहे. ते तोडणाऱ्यांचा नाही. डच कंपनीने १६३८ मध्ये मॉरिशसवर वसाहत केली. तेथील आबनुसाची वने हे तिच्या स्वारस्याचे एक मोठे कारण होते. ती तोडण्याच्या कामी मादागास्करहून आणलेले गुलाम जुंपले गेले. डच १७१० मध्ये बेट सोडून गेले. त्या बेटावरचा डोडो नाहीसा झाला म्हणून जग हळहळते, त्याची चित्रे शाळेच्या पुस्तकांत असतात; कुसेनकास्टच्या दारावर हात फिरवताना त्या वनांची आणि वन तोडणाऱ्यांची आठवण सहसा कोणाला होत नाही. प्रत्येक काळे डच कपाट मॉरिशसच्या लाकडाचे असते असे नव्हे. आबनूस इतर ठिकाणांहूनही येई. पण प्रश्न तोच राहतो.

द होखने ते चित्र रंगवले त्याच १६६३ साली डचांनी पोर्तुगीजांकडून कोची घेतले. आपल्या किनाऱ्यावर वेंगुर्ल्यास त्यांची वखार १६३७ पासूनच होती. गोव्याच्या नाकेबंदीसाठी तिचा उपयोग होई, आणि तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत. कोची, श्रीलंका, बटाव्हिया येथे स्थानिक सुतारांनी डच घाटाची कपाटे स्थानिक लाकडांत घडवली. यान वेनेनडाल यांचे १९८५ चे पुस्तक या सामानाचा चांगला परिचय करून देते. मट्टनचेरीच्या दुकानांत मात्र 'डच' हे विशेषण सैल हाताने वापरले जाते. जाड पाय आणि पितळी कडी दिसली की कपाट डच झाले! आम्ही स्वतः एकदा अशाच एका सागवानी कपाटावर भाळलो होतो. पाठ पाहिली तेव्हा फळ्यांवर कमानदार रेषा होत्या. कपाट घेतले, सांगितलेले वय तेवढे दुकानातच ठेवून आलो. आमचे कोश आता त्यात आहेत.

पाठीवरच्या खुणा लाकडाचे वय सांगतात, मालकांची नावे सांगत नाहीत. आणि डच कपाटाच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. जर्मन अमलाखाली ज्यूंना घरांतून नेल्यावर त्यांचे सामान पद्धतशीरपणे उपसले गेले. नेदरलँड्समध्ये अशी सुमारे २९ हजार घरे रिकामी करण्यात आली. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये हे काम करणाऱ्या वाहतूकदाराचे नाव पुल्स; त्यावरून घर लुटून साफ करणे या अर्थी 'पुल्सेन' हे क्रियापदच तेथे रूढ झाले. तेथेही याद्या होत्या. नोटरींची जुनी कला या कामी आली. बरेचसे सामान जर्मनीत गेले, काही मधल्यामध्ये विकले गेले. तेव्हा एखाद्या उत्तम कपाटाच्या कागदपत्रांत १९४० ते १९४५ या काळाविषयी मौन असेल, तर विक्रेत्याला विचारावे. विचारणे अवघड वाटते, सौदा बिघडतो, तरीही विचारावे.

त्याच शहरात प्रिन्सेनग्राख्त २६३ येथे एक कपाट आहे, ज्याला कोणत्याही जुन्या वस्तूंच्या बाजारात किंमत आली नसती. साध्या फळ्यांचे, कचेरीच्या फायली ठेवण्याचे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये योहान फोस्काउल यांनी ते अशा रीतीने बसवले, की बिजागरीवर फिरून ते मागच्या दाराला झाकून टाकी. त्यामागे आठ माणसे दोन वर्षे राहिली. ४ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांना पकडून नेल्यावर मागच्या खोल्यांतील सामानही उपसले गेले, आणि ऑटो फ्रांक यांच्या इच्छेने त्या खोल्या आजही रिकाम्याच ठेवल्या आहेत. कपाट तेवढे जागेवर आहे. दार ठेंगणे असल्याने पहिल्या काही दिवसांत सर्वांच्या कपाळांना टेंगळे आली, असे आन आपल्या रोजनिशीत नोंदवते. मग पेटरने लाकडाचे छिलके भरलेला एक टॉवेल चौकटीच्या वरच्या काठावर ठोकून दिला.