देणगी की परतफेड?

विद्येसाठी झोळी घेऊन परमुलखात जाण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. 1930 सालच्या अखेरीस धोंडो केशव कर्वे आफ्रिकेस गेले, तेव्हा त्यांचे वय 72 वर्षांचे होते. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, दक्षिण आफ्रिका अशा मुलखांतून फिरून त्यांनी तेथील हिंदी बांधवांकडून आपल्या महिला विद्यापीठासाठी निधी जमविला आणि सुमारे सव्वा वर्षाने, 1932 साली, ते परतले. तिकडच्या व्यापाऱ्याने दिलेला पैसा इकडच्या मुलीच्या शिक्षणास लागला. त्यात कोणी उपकार केला असे देणाऱ्यास वाटले नाही आणि घेणारीची मानही खाली गेली नाही. काम आपले, मुलगी आपली, मग पैसाही आपला, इतका तो साधा हिशेब होता.

परंतु देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये जेव्हा भाषेचे, राहणीचे आणि अरण्याचे अंतर असते, तेव्हा हा हिशेब इतका साधा राहतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांकडे वळावे लागते. पूर्वी हा सारा मुलूख मिळून एकच चांदा जिल्हा होता. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळा झाला.

आरंभ वरोऱ्यापासून करू. बाबा आमटे यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि 1951 साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन सुरू झाले. हाती रुपये 14, बरोबर सहा कुष्ठरोगी आणि एक लंगडी गाय, एवढेच काय ते भांडवल होते. बाबांचा सिद्धान्त असा, की भीक माणसाला मोडते आणि काम माणसाला उभे करते. त्यामुळे पैसा मागतानाही त्यांनी दयेची भाषा वापरली नाही.

पुढे त्याच दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे देशोदेशींचे तरुण आनंदवनात येऊन राहिले आणि त्यांनी रुग्णालयाच्या इमारती आपल्या हातांनी उभारल्या. ही संघटना पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थाने 1920 साली, पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या व्हर्दूंजवळच्या एका खेड्याची पुनर्बांधणी करण्यासाठी सुरू केली होती. 1934 च्या भूकंपानंतर तो बिहारमध्येही आला होता. शत्रूच्या गावात जाऊन दगडमाती वाहावयाची, ही त्या चळवळीची रीत. वरोऱ्याच्या लोकांनी जेव्हा गोऱ्या तरुणांना कुष्ठरोग्यांच्या शेजारी विटा वाहताना पाहिले, तेव्हा त्यांच्या मनातील भीती कोणत्याही व्याख्यानाने गेली नसती इतकी कमी झाली.

यानंतर जे घडले, ते आम्हांस या साऱ्या इतिहासाचे मर्म वाटते. 1964 साली आनंदवनाने वरोऱ्यात आनंद निकेतन महाविद्यालय काढले. ज्यांना समाजाने गावाबाहेर घालविले होते, त्यांनी आपल्या श्रमांतून गावातील धडधाकट मुलांसाठी कॉलेज उभे केले. काल ज्यांच्यासाठी निधी मागितला जात होता, तेच आज दाते झाले. मदत खरी की खोटी हे ओळखण्याची याहून चांगली कसोटी आम्हांस ठाऊक नाही. जिला मदत केली ती माणसे एके दिवशी देणारी झाली काय, एवढेच पाहावयाचे.

1967 साली मूल तालुक्यातील सोमनाथ येथे बाबांनी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या उन्हात शहरांतील विद्यार्थी तेथे येत, कुदळ-फावडे हाती घेत आणि सायंकाळी चर्चा करीत. आठ दिवसांत देश बदलत नाही, हे खरेच. पण कित्येकांचे आयुष्य बदलले, हेही तितकेच खरे.

23 डिसेंबर 1973 रोजी भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे जाऊन राहिले. पावसाळ्यात नद्या-नाले भरले की वाट बंद होई, अशी ती जागा. दवाखान्याच्या इमारतीस स्विसएड या स्विस संस्थेची मदत झाली. पुण्याचे विलास मनोहर यांच्यासारखे कार्यकर्ते आले आणि तेथेच राहिले. 1976 साली माडिया मुलांसाठी निवासी शाळा निघाली.

शाळा काढणे सोपे, मुले आणणे अवघड. माडिया मुलाच्या घरी मराठी बोलत नाहीत. पाठ्यपुस्तक मात्र मराठी. ज्या वयात मूल आईबरोबर मोह वेचावयास जाते, त्या वयात ते चार भिंतींत बसवावयाचे. अशा शाळेने मूल अरण्यापासून तोडले जाते, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याचा अंगठा कोणीही कोठेही उठवून घेतो. अरण्यापासून तोही तुटतोच, आणि अधिक वाईट रीतीने. हेमलकशाच्या शाळेतून पुढे डॉक्टर झाले, वकील झाले, शिक्षक झाले, आणि त्यांतील काही याच मुलखात परत येऊन काम करू लागले. वरोऱ्याची कसोटी येथेही उतरली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आपल्याकडे पाहू. बल्लारपूरच्या कागद कारखान्याने अनेक दशके या अरण्यांतील बांबू नेला. महाराष्ट्रातील किती मुलांनी त्या कागदावर अक्षरे गिरविली असतील! आणि तो बांबू ज्यांनी तोडला, त्यांच्या मुलांच्या हाती वही नव्हती. चंद्रपूरच्या कोळशावर जी वीज निर्माण झाली, तिच्या उजेडात दूरच्या शहरांत अभ्यास झाले. मग शहरातून हेमलकशाकडे जाणारा रुपया देणगी कसा? ते थकलेले देणे आहे, आणि तेही व्याज सोडून.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने हा हिशेब कायद्याने मांडून दाखविला. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली त्या गावास 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. जो बांबू आजवर दुसऱ्याचा होता, त्याची किंमत गाव स्वतः ठरवू लागले. परवाना लिहावयाचा, हिशेब ठेवावयाचा, कारखानदाराशी बोलणी करावयाची, तर अक्षर-अंक हवेतच. शाळा आणि हक्क ही दोन चाके आहेत. एकाच चाकावर गाडी चालत नाही.

तेव्हा निधी जमविणाऱ्यांस आमचे दोन शब्द आहेत. नावाची पाटी बसविण्याजोग्या इमारतीस पैसा लवकर मिळतो. वसतिगृहातील तांदूळ, तेल, औषध आणि स्वयंपाकिणीचा पगार यांस मिळत नाही. पण मुले पाटीवर जगत नाहीत, तांदळावर जगतात. म्हणून द्यावयाचे ते दरसाल, थोडे पण न चुकता द्यावे. आणि स्वयंसेवक म्हणून तिकडे जाणाऱ्या तरुणाने शिकविण्याची घाई करू नये. प्रथम माडियातले दहा शब्द त्याने मुलांकडून शिकून घ्यावेत. ज्या दिवशी ते मूल त्याचा गुरू होईल, त्या दिवशी परतफेडीस आरंभ झाला असे आपण समजू.