जे सर्वांनी ऐकले, ते प्रकाशित झाले काय?

१ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायणातील पहिले गीत प्रसारित झाले. आठवड्याला एक याप्रमाणे १९ एप्रिल १९५६ पर्यंत छप्पन्न गीते ऐकवली गेली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. गायकांत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक अशी मंडळी होती. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता ते शेजाऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसत, हे आमच्या आधीच्या पिढीकडून आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की ते आम्हीच पाहिले असावे असे वाटू लागते. एवढ्या लोकांनी एकाच वेळी ऐकलेली दुसरी मराठी कलाकृती त्या काळात सापडणे कठीण.

ही कलाकृती तेव्हा ‘प्रकाशित’ झाली की नाही, असा प्रश्न विचारला तर तो खुळचट वाटेल. पण आकाशवाणीच्या संग्रहातील जुन्या ध्वनिफितींवरचा स्वामित्वहक्क कधी संपतो, हे नेमके याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

कायद्याचा प्रवास थोडा पाहू. आपल्याकडे १९१४ चा कायदा होता. तो १९११ च्या इंग्रजी कायद्यावर बेतलेला. त्यात ध्वनिमुद्रिकेचा हक्क मूळ तबकडी घडवली गेल्यापासून पन्नास वर्षे टिकत असे. हिशेब सरळ होता. गौहरजानने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले. त्यावरचा हक्क १९५२ मध्येच संपला. पुढे स्वतंत्र भारताचा १९५७ चा कायदा आला, २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला, आणि मोजणीचा आरंभबिंदू बदलला. आता वर्षे मोजायची ती ध्वनिमुद्रण घडल्यापासून नव्हे, प्रकाशित झाल्यापासून. तीही पुढल्या जानेवारीपासून. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपणार होता, तेव्हा घाईघाईने पन्नासाची साठ वर्षे करण्यात आली. ती वाढ ध्वनिमुद्रिकांनाही मिळाली.

आणि प्रकाशन म्हणजे काय? मूळ १९५७ च्या व्याख्येनुसार ध्वनिमुद्रिकेचे प्रकाशन म्हणजे तिच्या पुरेशा प्रती लोकांसाठी बाहेर काढणे. फीतही ‘ध्वनिमुद्रिके’च्या व्याख्येत बसत होती, पण आकाशवाणी फितींच्या प्रती विकत नव्हती; ती त्या हवेत सोडत होती. लाखो कानांवर पडलेली गोष्ट कायद्याच्या लेखी अप्रकाशितच राहिली. १९९४ च्या दुरुस्तीने ही व्याख्या बदलली आणि लोकांपर्यंत कोणत्याही मार्गाने पोहोचवणे हेही प्रकाशनच ठरले. मग १९५५ च्या प्रसारणाला ही नवी व्याख्या मागे जाऊन लावायची की नाही?

लावली, तर १९५५ सालच्या फितींवरचा ध्वनिमुद्रणाचा हक्क २०१५ अखेर आणि १९५६ च्या फितींवरचा २०१६ अखेर संपला. न लावली, तर जी फीत कधी विक्रीला आली नाही आणि पुन्हा वाजलीही नाही, तिचे घड्याळ सुरूच झालेले नाही. आकाशवाणीने २००३ मध्ये ‘आकाशवाणी संगीत’ या नावाने जुनी ध्वनिमुद्रणे विक्रीस आणायला सुरुवात केली. पन्नासच्या दशकातले एखादे गायन १९९४ पूर्वी एकदाच प्रसारित होऊन फडताळात गेले आणि थेट २००३ मध्ये बाजारात आले, असे समजा. या दुसऱ्या वाचनाप्रमाणे त्याचा हक्क २०६३ अखेरपर्यंत चालेल.

आम्हांला खटकते ती या हिशेबातली उलटापालट. १९५५ मध्ये एखाद्या खाजगी कंपनीने, निव्वळ नफ्यासाठी, बाजारात आणलेली तीन मिनिटांची तबकडी १ जानेवारी २०१६ रोजी बिनबोभाट सर्वांची झाली. तिच्याबद्दल कोणाला शंका नाही, कारण विक्रीची तारीख सूचीत छापलेली असते. त्याच वर्षी लोकांच्या पैशावर चाललेल्या केंद्राने लोकांसाठी केलेले ध्वनिमुद्रण मात्र अजून कोणाचे, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. सरकारी कृतीसाठी वेगळे कलम आहे खरे, पण तेही साठ वर्षे पहिल्या प्रकाशनापासूनच मोजते. म्हणजे फिरून भोपळे चौकात. ज्यांनी गायले त्यांची गोष्ट तर त्याहून थोडक्यात संपते. १० मे १९९५ पर्यंत आपल्या कायद्यात कलावंताला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क असा नव्हताच.

येथे एक गल्लत टाळायला हवी. हक्क संपला म्हणजे वस्तू हाती आली असे नव्हे. जुन्या तबकड्या चोरबाजारात, जुन्या वाड्यांच्या माळ्यावर सापडतात. हौशी संग्राहकांनी त्या जपल्या, सूची केल्या, आणि त्यांचे ऋण संगीताच्या प्रत्येक अभ्यासकावर आहे. आकाशवाणीच्या फितीची प्रत मात्र बाहेर कोठे नसते. फडताळाची किल्ली ज्याच्याकडे, त्याला हक्क असला काय आणि नसला काय, सारखेच. वर्गात विद्यार्थ्यांपुढे ध्वनिमुद्रिका वाजवायला कायदा आडवा येत नाही. ती मिळवायची कोठून, हा आमच्यासारख्या शिक्षकांचा प्रश्न आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना आपल्याजवळच्या प्रतीचे जतनासाठी अंकीय रूपांतर करण्याची मुभा दिली. पण मुळात जवळ प्रत हवी ना!

वास्तविक या पेचातून सुटायला न्यायालयात जाण्याची गरज नाही. याच कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे कर्त्याला आपले हक्क जाहीर सूचना देऊन सोडता येतात, आणि ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता. प्रसार भारती १९९७ मध्ये अस्तित्वात आली. त्यापूर्वी आकाशवाणी हे सरकारचेच खाते होते. या दोघांनी मिळून, अमुक सालापर्यंतच्या ध्वनिमुद्रणांवर आमचा दावा नाही, अशी चार ओळींची सूचना काढली तरी फितींपुरता प्रश्न निकालात निघेल.

शब्द आणि चाली मात्र त्या सूचनेने मोकळ्या होणार नाहीत, आणि होऊही नयेत. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, फडके २००२ मध्ये. व्यक्तिगत कर्त्याचा नेहमीचा नियम लावला, तर गीतरामायणाचे शब्द २०३७ अखेर आणि चाली २०६२ अखेर सर्वांच्या होतील. या दोन तारखा तरी आज कोणालाही बोटांवर मोजता येतात.