जलजीवालयातील नैसर्गिक दगड

गोड्या पाण्यातील मासे घरगुती काचपात्रात पाळताना त्यांना आडोसा व अंडी घालण्यास पृष्ठभाग मिळावा आणि पात्राला नैसर्गिक रूप यावे म्हणून खडकांचे तुकडे व गोटे वापरतात. दगड निर्जीव, म्हणून निरुपद्रवी, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. नदीत दगडातून विरघळणारी द्रव्ये प्रवाहाबरोबर दूर जातात, ५०–६० लि. पाण्याच्या बंदिस्त पात्रात ती साचत राहतात. त्यामुळे दगड कोठे व कसा तयार झाला, यावर त्याचे पात्रातील वर्तन अवलंबून असते. कोल्हापूर परिसरात दगड पारखण्यास लागणारे पुष्कळसे ज्ञान तेथील खडकांच्या आणि बांधकामाच्या इतिहासातच उपलब्ध आहे.

इतिहास : दगड हा जलजीवालयाचा आरंभापासूनचा घटक आहे. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९-५० मध्ये लंडन येथे सु. ५५ लि. धारणाशक्तीच्या काचपात्रात दोन सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोगलगाई एकत्र ठेवून प्राणी आणि वनस्पती यांचा परस्परसमतोल दाखवून दिला. पात्राच्या तळाशी त्यांनी वाळू व चिखल पसरून त्यावर मॅटलॉक येथील सच्छिद्र चुनखडकाचे आणि वालुकाश्माचे सुटे दगड माशांना खाली शिरता येईल असे रचले होते. आज ज्याविषयी सावधगिरी सांगितली जाते, तो चुनखडक या आद्य प्रयोगातच होता. सोनेरी मासा चुनायुक्त पाणी सहज सोसणारा असल्याने त्याला त्यापासून अपाय होण्याचे कारण नव्हते. दगडाची योग्यता ही पाणी व मासा यांच्या संदर्भातच ठरते, हे यावरून लक्षात येते.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये मत्स्यगृह लोकांसाठी खुले झाले आणि फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ मधील ग्रंथामुळे हा छंद घरोघरी पोहोचला. त्या काळच्या पुष्कळ पात्रांचा तळ पाटीच्या दगडाचा असे. भारतात मद्रास येथे १९०९ मध्ये जलजीवालय स्थापन झाले. मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १९५१ मध्ये झाले. पूर्वीची घरगुती पात्रे लोखंडी कोनपट्ट्यांच्या चौकटीत लांबीने काचा बसवून करीत. पुढे सिलिकोनने सांधलेली केवळ काचेची पात्रे रूढ झाली, तेव्हा दगडांचा सर्व भार काचेच्या तळावर येऊ लागला आणि दगडाच्या रासायनिक गुणांइतकाच त्याच्या वजनाचा विचार आवश्यक ठरला.

कोल्हापूरचे खडक : सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या लाव्हारसाच्या उद्रेकांतून दख्खनचे पठार बनले. कोल्हापूर जिल्ह्याचा बहुतेक भाग त्यातील बेसाल्ट या काळ्या खडकाने व्यापलेला आहे. अंबाबाईचे मंदिर व खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर याच दगडात उभे आहे. रंकाळा तलावाच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती, अशी परंपरा आहे. बेसाल्ट मुख्यत्वे सिलिकेट खनिजांचा बनलेला असून पाण्यात अत्यंत मंद गतीने झिजतो. म्हणून ताजा, घट्ट व पोकळ्या नसलेला काळा दगड गोड्या पाण्याच्या पात्रास उत्तम समजावा.

परंतु प्रत्येक काळा दगड सारखा नसतो. लाव्हारस थिजताना वायूंमुळे पडलेल्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटे, गारगोटी व कॅल्साइट ही खनिजे साचली. यांपैकी गारगोटी निरुपद्रवी होय. कॅल्साइट मात्र कॅल्शियम कार्बोनेट असल्याने पाण्यात विरघळते. पांढरे ठिपके असलेला दगड म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. पन्हाळा व मसाई पठार यांच्या माथ्यावर जांभा दगड आहे. तो लोह व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी समृद्ध, सच्छिद्र व ठिसूळ असतो. त्याचा तांबडा गाळ सुटून पाणी गढूळ होते. मात्र तळाच्या वाळूखाली त्याची भुकटी पाणवनस्पतींना लोह पुरविते आणि यूरोपातील मत्स्यपालकांनी तिचा तसा उपयोग केलेला आहे.

चुनायुक्त दगड : काळ्या मातीत व ओढ्यांच्या काठी चुनखडीचे पांढरट खडे सापडतात. हे खडे भट्टीत भाजून घाणीत मळलेला चुना पूर्वी वाडे, घाट व मंदिरे यांच्या बांधकामास वापरीत. भट्टीसाठी गवंडी जो खडा मुद्दाम निवडी, तोच मत्स्यपालकाने टाळावयाचा असतो. घरातील दोन परिचित दगडही याच जातीचे आहेत. शहाबादी फरशी आणि स्वयंपाकाच्या ओट्याची काळी कडप्पा फरशी यांना पाटीचा दगड समजून त्यांचे तुकडे पात्रात रचले जातात. वस्तुतः दोन्ही चुनखडकच होत. ओट्यावर लिंबाचा रस सांडला की डाग का पडतो, याचे उत्तर येथे मिळते. संगमरवर, शंखशिंपले, प्रवाळ व सिमेंटचे तुकडेही चुनायुक्तच होत.

पाण्यातील कार्बन डाय-ऑक्साइडामुळे कॅल्शियम कार्बोनेटाचे विद्राव्य बायकार्बोनेटात रूपांतर होते. त्यामुळे पाण्याची दुष्फेनता, म्हणजे साबणाचा फेस न होऊ देण्याचा गुण, वाढते. पाणी क्षारकीय होऊन पीएच मूल्य ८ च्या आसपास जाऊ शकते. पश्चिमेकडील तालुक्यांतील सुफेन पाण्यात ही क्रिया अधिक होते. ॲमेझॉन खोऱ्यातून आलेले टेट्रा व डिस्कस हे मासे सुफेन, किंचित अम्लधर्मी पाण्यातील असल्याने दुष्फेन पाण्यात त्यांचे प्रजनन खुंटते. याहून गंभीर धोका अमोनियाचा आहे. माशांच्या उत्सर्गातून निर्माण होणारे अमोनियम पीएच वाढताच विषारी अमोनियात बदलू लागते. दाटी झालेल्या पात्रातील मासे अशा वेळी दगावतात, परंतु दोष दगडाला दिला जात नाही. याउलट मॉली मासे आणि आफ्रिकेतील मालावी व टांगानिका सरोवरांतील सिक्लिड मासे यांना असेच पाणी मानवते. त्यांच्या पात्रात चुनखडक हेतुपुरस्सर ठेवतात.

परीक्षण : दगड स्वच्छ धुऊन, वाळवून, ताज्या फुटलेल्या भागावर व पांढऱ्या ठिपक्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाचे काही थेंब टाकावेत. फसफसून बुडबुडे आल्यास दगड चुनायुक्त समजावा. हे अम्ल हाताळताना हातमोजे व चष्मा वापरावा आणि नंतर दगड भरपूर पाण्याने धुवावा. घरी शिरका किंवा लिंबाचा रस वापरता येतो. परंतु ही अम्ले दुर्बल असल्याने बुडबुडे दिसले नाहीत, म्हणजे दगड निर्दोष ठरला असे नव्हे. डोलोमाइटासारखे खनिज तर पूड केल्याशिवाय फारसे फसफसत नाही. म्हणून दुसरी कसोटी आवश्यक आहे. पात्रात वापरावयाचेच पाणी दोन सारख्या भांड्यांत घेऊन एकात दगड बुडवावा व दुसरे तसेच ठेवावे. दोन आठवड्यांनी दोहोंचे पीएच मूल्य व दुष्फेनता मोजून तुलना करावी. दुसरे भांडे नसेल, तर झालेला बदल दगडाचा की हवेचा, हे सांगता येत नाही.

अम्लाची कसोटी धातूंचा दोष दाखवीत नाही. तांबे, शिसे इत्यादींची धातुके असलेले दगड अल्प प्रमाणातही घातक असतात. तांबे माशांच्या कल्ल्यांना अपाय करते आणि कोळंबी व गोगलगाई यांना विशेष मारक ठरते. सोनेरी चकाकी, गंजाचे ओघळ, हिरव्या-निळ्या शिरा यांपैकी काही आढळल्यास दगड वर्ज्य करावा. बेसाल्टाच्या पोकळ्यांतील हिरवा थर बहुधा सेलॅडोनाइट या सिलिकेट खनिजाचा असतो, तांब्याचा नव्हे. तथापि ओळख खात्रीची नसेल, तर तो टाळणेच श्रेयस्कर.

स्वच्छता व मांडणी : पंचगंगेच्या पात्रात शहरांचे व कारखान्यांचे सांडपाणी मिसळत आलेले असल्याने तेथील सच्छिद्र दगड वापरू नयेत. शेताच्या बांधावरील दगडांवर कीटकनाशकांचा अंश असू शकतो. निवडलेला दगड साबण न लावता ताठ ब्रशाने घासावा, अनेकदा पाणी बदलून भिजत ठेवावा व उन्हात वाळवावा. तो थेट आचेवर किंवा भट्टीत तापवू नये. आतील ओलाव्याची वाफ होऊन तो स्फोटासारखा फुटण्याचा धोका असतो.

बेसाल्टाची घनता पाण्याच्या सु. २.९ पट असते. मुठीएवढ्या दिसणाऱ्या गोट्याचे वजनही पुष्कळ भरते. मोठे दगड वाळूवर न ठेवता आधी तळाच्या काचेवर रबरी किंवा प्लॅस्टिकची जाड पट्टी घालून तीवर टेकवावेत आणि मग भोवती वाळू भरावी. वाळू उकरणारे मासे दगडाखाली पोकळी करतात व रचना ढासळून मासे चिरडतात किंवा काच तडकते. उंच रचना मत्स्यपात्रास योग्य अशा सिलिकोनने सांधावी. खवले नसलेल्या माशांसाठी धारदार कडा बोथट कराव्यात.

दगड कोठून उचलावा, यालाही मर्यादा आहेत. राधानगरी अभयारण्यातील किंवा पन्हाळ्यासारख्या संरक्षित स्थळांतील दगड उचलू नयेत. ओढ्यातील दगडाखाली मासे व कीटक यांची अंडी असतात. एक गोटा हलविला तरी त्यांचा निवारा जातो. पाथरवटाच्या कामातून उरलेल्या काळ्या दगडाच्या ढलप्या कडा बोथट केल्यावर घरगुती पात्रास पुरेशा असतात. त्यांत पोकळ्या आहेत की नाहीत, हे ताज्या फुटीवर उघड दिसते आणि दगड कोणत्या खाणीतून आला, हे पाथरवटास विचारता येते.